स्वयंपाकघराची क्रमशः सुधारणा : नरसिंहपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गृह-अर्थशास्त्राच्या अभ्यासात स्वयंपाकघराचा विचार बहुधा दोन बाजूंनी केला जातो. एक बाजू आरोग्याची, म्हणजे धूर, सांडपाणी व स्वच्छता यांची; दुसरी श्रमाची, म्हणजे उठबस, चाल व वेळ यांची. तिसरी बाजू पैशाची आणि काळाची. तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही. सामान्य कुटुंब नवे स्वयंपाकघर एकदम बांधीत नाही. जे आहे त्यात रोजचा स्वयंपाक करीत असतानाच ते थोडेथोडे बदलीत जाते. एका साली ओटा होतो, दुसऱ्या साली फरशी, पुढे केव्हा तरी नळ आणि मांडणी. ह्या बदलांचा क्रम कोणत्या तत्त्वावर ठरवावा, आणि तुकड्यातुकड्यांनी केलेले काम खरोखरच स्वस्त पडते काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. परिसर आणि उत्पन्नाची चाल

नीरा आणि भीमा यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे गाव होय. नद्यांच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस व माढा हे तालुके लागतात. येथील लक्ष्मीनृसिंह हे अनेक महाराष्ट्रीय घराण्यांचे कुलदैवत असल्याने वर्षभर, आणि विशेषतः वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या नृसिंह जयंतीला, गावात यात्रेकरूंची ये-जा असते. नीरा डावा कालवा व १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण यांमुळे इंदापूर तालुक्याचा मोठा भाग उसाखाली आला आहे.

ह्या पार्श्वभूमीचा स्वयंपाकघराशी संबंध उत्पन्नाच्या द्वारे येतो. आडसाली ऊस सुमारे सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये गाळपासाठी ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत चुकती करावयाची असते. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम दीड वर्षातून एकदा येणारी ठोक रक्कमच असते, आणि तिच्यावर सोसायटीचे कर्ज, खताची उधारी व घरातील लग्नकार्य यांचा हक्क आधीच लागलेला असतो. दुधाचे पैसे ठरावीक दिवसांनी येतात, पण ते किराणा व पेंड यांत जिरतात. शेतमजुराची मजुरी आठवड्याच्या बाजारात संपते. क्षेत्रातील पुजाऱ्याचे किंवा प्रसाद-साहित्य विकणाऱ्याचे उत्पन्न यात्रेच्या हंगामावर अवलंबून असते. सारांश, पगारदार कुटुंबाप्रमाणे दरमहा सारखी शिल्लक येथे बहुतेकांच्या हाती राहत नाही. म्हणून सुधारणेचे टप्पे पाडणे ही येथे हौस नसून उत्पन्नाच्या चालीतून आलेली गरज आहे.

२. जुने स्वयंपाकघर : एक जुळलेली व्यवस्था

ह्या भागातील जुने घर म्हणजे पांढरीच्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. स्वयंपाकघर बहुधा आतल्या अंगाला, कमी उजेडाचे. माळवदाला ठेवलेले साणे हा धूर जाण्याचा व उजेड येण्याचा मार्ग. चूल, तिच्या शेजारची वैल, कोनाडे, उतरंड, शिंकाळे, पाण्याचे रांजण, पाटा-वरवंटा आणि कोपऱ्यातील मोरी एवढा त्याचा संसार. स्वयंपाक बसून करावयाचा असल्याने सर्व वस्तू हाताच्या टप्प्यात जमिनीलगत मांडलेल्या असत.

हे स्वयंपाकघर सोयीचे होते असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचे भाग परस्परांशी जुळलेले होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. धुराने माळवदाच्या लाकडांना कीड लागत नसे. शेणाने सारवलेली जमीन दर काही दिवसांनी घरच्या श्रमाने नवी होई. सांडपाणी थोडे असल्याने परसातील आळ्यात मुरे. ह्यातला एक भाग बदलला की इतर भागांवर त्याचा ताण पडतो. घरात नळ आला की सांडपाणी वाढते आणि जुनी मोरी तुंबू लागते. फरशी आली की सारवण संपते, पण उतार चुकल्यास पाणी भिंतीच्या पायाशी साचते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर तो मातीला नीट धरत नाही. शिवाय भिंतीतील ओल आत कोंडून भिंत आतून ढिली होते. म्हणून स्वयंपाकघराची सुधारणा म्हणजे वस्तूंची खरेदी नव्हे, तर एका व्यवस्थेचे दुसऱ्या व्यवस्थेत रूपांतर होय. टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो तो ह्याच कारणामुळे.

३. पूर्वानुभव

स्वयंपाकघराच्या शास्त्रशुद्ध मांडणीचा पाश्चात्त्य इतिहास सर्वश्रुत आहे. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गृहिणीच्या चालीचा व हालचालींचा अभ्यास पुढे आणला. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेच्या वसाहतींसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर रचले ते पुढे साऱ्या जगात आदर्श मानले गेले. परंतु ते नगरपालिकेने एकहाती, एकाच वेळी आणि हजारोंच्या संख्येने बांधले होते. त्यातून अंतिम चित्र मिळते. त्या चित्रापर्यंत थोड्या पैशांत पायरीपायरीने कसे जावे, हे मिळत नाही.

भारतात ह्याच्या उलट घडले. येथे एकेक सुधारणा सुटी पुढे आली. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल आली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली व १९५३ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला आणि २००२ साली तो केंद्राने थांबविला. ह्या प्रयत्नांतून एक धडा वारंवार मिळाला. चूल चांगली असूनही धुराडे साफ होत नसे, छपरातून ते जेथे बाहेर पडे तेथे पाऊस गळे, आणि मग ते काढून टाकले जाई. चूल बदलली, पण छप्पर, भिंत व देखभाल यांची सांगड घातली गेली नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी अनेक घरांत पोचविली. तरीही भाकरीसाठी व पाणी तापविण्यासाठी चूल राहिलीच. इंदापूरच्या भागात वेडी बाभूळ, तुराट्या व गोवऱ्या हे सरपण सहज मिळते. त्याच्या तुलनेत पुन्हा भरावयाच्या टाकीची किंमत एकरकमी वाटते. म्हणून येथील योजनेत गॅस व चूल ही दोन्ही काही काळ एकत्र नांदणार, असे गृहीत धरणेच वास्तवाला धरून होईल.

क्रमाक्रमाने बांधण्याचे तत्त्व गृहनिर्माणात मात्र अधिक नीट तपासले गेले आहे. नव्या मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात जी घरे रचली, त्यांत प्रत्येक घर स्वतंत्र भिंतींचे ठेवले, जेणेकरून शेजाऱ्याला धक्का न लावता ते वाढविता यावे. चिलीमध्ये इकिके येथे २००४ साली आलेहांद्रो आराव्हेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्यादित सरकारी अनुदानात घराचा अर्धाच भाग बांधून दिला. पण तो अर्धा भाग कोणता, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. सांगाडा, जिना, स्वयंपाकघर व न्हाणीघर, म्हणजे जे कुटुंबाला मागाहून स्वतः नीट करता येणार नाही, ते आधी. ज्या खोल्या कुटुंब सवडीने भरून काढू शकेल त्या मागून. हेच तत्त्व एका स्वयंपाकघराच्या आतही लावता येते.

४. क्रमाचे तत्त्व

जे काम मागाहून करावयाचे झाल्यास आधीचे काम फोडावे लागेल, ते काम आधी करावे, हा पहिला नियम. ह्या नियमाने पाहिल्यास स्वयंपाकघरातील कामांचे चार थर पडतात.

पहिला थर न दिसणाऱ्या कामांचा : सांडपाण्याची नळी, पाण्याची नळी, विजेच्या तारांचे मार्ग आणि धूर व वाफ बाहेर जाण्याची वाट. सांडपाण्याच्या नळीला साधारणपणे चाळीसास एक असा उतार द्यावा लागतो. मोरीपासून परसातील शोषखड्डा चार मीटर दूर असेल तर नळीचे दुसरे टोक दहा सेंटिमीटर खाली जावयास हवे. म्हणजे स्वयंपाकघराच्या जमिनीची पातळी ही फरशीच्या आवडीवर नव्हे, तर बाहेरच्या खड्ड्याच्या खोलीवर ठरते. नदीकाठच्या सखल घरात तर हा हिशेब आधी केल्यावाचून फरशी घालणे म्हणजे पुराचे व पावसाचे पाणी आत येण्यास वाट करून देणे होय. विजेच्या बाबतीतही तसेच आहे. आज मिक्सर पुरेसा वाटला तरी उद्या शीतकपाट व विजेची शेगडी येणार. त्यांसाठी सोळा अँपिअरची स्वतंत्र जोडणी, अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारे स्विच यांची सोय गिलाव्यापूर्वीच करावी लागते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो; म्हणून टाकीच्या जागेजवळ खालच्या अंगाला झरोका हवा. हाही भिंतीतील बदल आहे.

दुसरा थर जमीन व ओटा यांचा. ओट्याची उंची ही काम करणाऱ्या बाईच्या कोपरापासून सुमारे दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. गवंड्याच्या सवयीच्या मापाने ओटा बांधला तर तो कोणाला उंच, कोणाला ठेंगणा होतो, आणि ही चूक पुढे वीस वर्षे खांद्यांना व कंबरेला भोवते. ओट्याला काळा कडाप्पा व जमिनीला शहाबादी फरशी घेतल्यास खर्च आवाक्यात राहतो, आणि फुटलेली फरशी एकेक करून बदलताही येते.

तिसरा थर भिंती व मांडणीचा : ओट्यामागची टाइल, रंग, फडताळे. मातीच्या भिंतीवर टाइल लावावयाची असल्यास ओट्यापुरती अर्ध्या विटेची वेगळी भिंत उचलणे हा अधिक भरवशाचा मार्ग असतो. चौथा थर सुट्या वस्तूंचा : ओट्याखालच्या ट्रॉल्या, वाफ ओढणारा पंखा, शोभेचे साहित्य. ह्या थरातील कोणतीही वस्तू मागाहून आणली तरी काही फोडावे लागत नाही.

व्यवहारात मात्र पुष्कळदा हाच क्रम उलटा झालेला आढळतो. घरात लग्न ठरले, पाहुणे येणार, म्हणून टाइल व ट्रॉल्या आधी येतात. मोरीचे पाहू पुढे, असे म्हटले जाते. वर्षभराने नळी बदलताना तीच टाइल फोडली जाते. ह्यात दोष केवळ अविचाराचा नाही. थैली एकाच्या हाती आणि स्वयंपाकघर दुसरीच्या हाती, अशी घराची वाटणी असते. पैसा देणाऱ्याला दिसणारी वस्तू दिसते. तुंबलेली मोरी व डोळ्यांतला धूर रोज सोसणाऱ्याला न दिसणाऱ्या कामाची किंमत कळते. म्हणून क्रम ठरविताना स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे मत हे सौजन्य म्हणून नव्हे, तर आवश्यक माहिती म्हणून घ्यावयास हवे. त्यासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. अंगणात फक्कीने संपूर्ण स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखावे, ओट्याच्या जागी पेट्या रचाव्यात, आणि घरातील बायकांनी त्यात भाकरी थापण्यापासून हंडा उचलण्यापर्यंतच्या हालचाली करून पाहाव्यात. टप्पे चार असले तरी आराखडा एकच आणि पहिल्याच दिवशी पुरा असला पाहिजे.

दुसरा नियम असा की, प्रत्येक टप्पा संपला त्या दिवशी त्या घरात स्वयंपाक करता आला पाहिजे. पुढचा टप्पा केव्हा होईल ह्याची शाश्वती नसते. पाऊस दगा देईल, दवाखाना निघेल. ज्या योजनेत मधला टप्पा म्हणजे उखडलेली जमीन असते, ती योजना गरीब कुटुंबाला परवडत नाही.

५. खर्चाचा हिशेब

टप्प्याटप्प्याने केलेले काम स्वस्त पडते, ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एकूण काम आजच्या भावाने ६०,००० रुपयांचे आहे आणि कुटुंबाच्या हाती १५,००० रुपये आहेत. दोन मार्ग संभवतात. पहिल्यात उरलेले ४५,००० रुपये कर्जाने उभे करून सर्व काम एकदम करावयाचे व तीन वर्षांत समान मासिक हप्त्यांनी फेडावयाचे. दुसऱ्यात दरवर्षी एक असे चार टप्पे पाडावयाचे.

कर्जाचा दर वर्षाला बारा टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे १,४९५ रुपये येतो व तीन वर्षांचे व्याज सुमारे ८,८०० रुपये होते. टप्प्यांच्या मार्गात व्याज नाही, पण दोन छुपे खर्च आहेत. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले असे धरल्यास पुढच्या तीन टप्प्यांवर मिळून सुमारे ४,६५० रुपये अधिक पडतात. शिवाय प्रत्येक वेळी वाळूची खेप, साहित्याची वाहतूक, गवंड्याची मोडकी रोजंदारी व उरलेल्या सिमेंटची नासाडी यांचा खर्च नव्याने होतो. तो प्रत्येक जादा टप्प्याला २,००० रुपये धरल्यास तीन जादा टप्प्यांचे ६,००० रुपये होतात. एकूण जादा खर्च सुमारे १०,६५० रुपये, म्हणजे कर्जाच्या व्याजापेक्षा अधिक!

मात्र कर्जाचा दर चोवीस टक्के असेल तर तेच व्याज सुमारे १८,५५० रुपयांवर जाते, आणि टप्प्यांचा मार्ग स्पष्टपणे स्वस्त ठरतो. उलट, शेजारच्या दोनतीन घरांनी मिळून एकच गवंडी व एकच खेप ठरविली आणि प्रत्येक टप्प्याचा जादा खर्च १,००० रुपयांवर आणला, तर एकूण जादा खर्च सुमारे ७,६५० रुपये होतो. मग बारा टक्क्यांच्या कर्जापुढेही टप्पे टिकाव धरतात. बचत गट किंवा भिशी यांचा खरा उपयोग येथे दिसतो. त्या केवळ पैसा जमवीत नाहीत, तर कामाची वेळही जुळवू शकतात.

ह्या हिशेबातून तीन अनुमाने निघतात. पहिले, टप्पे पाडणे स्वभावतः स्वस्त नाही. ते व्याजाच्या दरावर व टप्प्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. टप्पे जितके अधिक, तितका छुपा खर्च अधिक. दुसरे, ह्या हिशेबात फोडाफोडीचा खर्च धरलेला नाही. क्रम चुकला आणि एकदा जरी १०,००० रुपयांचे काम पुन्हा करावे लागले, तर टप्प्यांचा मार्ग चोवीस टक्क्यांच्या कर्जापेक्षाही महाग पडतो. तिसरे, टप्प्यांचा मुख्य लाभ पैशातील बचत हा नसून धोक्याची वाटणी हा आहे. मासिक हप्ता ऊस जळाला तरी थांबत नाही. टप्पा मात्र एक वर्ष पुढे ढकलता येतो.

६. विलंबाची किंमत आणि कामाचे पंचांग

पैशाच्या हिशेबात न येणारी एक किंमत शिल्लक राहते, ती विलंबाची. कर्ज काढून काम एकदम झाले तर धूर आजच थांबतो. टप्प्यांत तो तीन वर्षेही राहू शकतो. चुलीच्या धुराचा श्वसनाच्या विकारांशी, मुलांच्या न्यूमोनियाशी व मोतीबिंदूशी असलेला संबंध आता सिद्ध झालेला आहे. म्हणून टप्प्यांचा मार्ग समर्थनीय ठरण्यास एक अट आहे : धूर व सांडपाणी यांचा बंदोबस्त पहिल्याच टप्प्यात झाला पाहिजे. सुदैवाने ही अट आणि वर सांगितलेला पहिला नियम यांत विरोध येत नाही. जे भिंतीत व जमिनीखाली आधी घालावे लागते, तेच आरोग्यालाही सर्वांआधी हवे असते.

कामाचे दिवसही परिसर पाहूनच ठरवावे लागतात. वैशाखात जयंतीचे पाहुणे असतात. आषाढी वारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर तालुक्यातून जाऊन सराटी येथे नीरा ओलांडते, आणि वारकऱ्यांच्या जेवणाखाण्याचा भार ह्या भागातील घरांवर येतो; शिवाय पावसामुळे बांधकाम वाळत नाही. ऊसतोडीच्या ऐन हंगामात घरातील माणसे मोकळी नसतात. राहता राहतो तो तोडणी संपून उसाचे पैसे हाती आल्यापासून वैशाखातील जयंतीपूर्वीचा काळ. हा काळ उन्हाचा असल्याने सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारण्याची दक्षता अधिक घ्यावी लागते. ह्या दिवसांत चूल ओसरीवर किंवा परसात हलविणे सोपे जाते, हा आणखी एक लाभ.

७. समारोप

स्वयंपाकघराच्या क्रमशः सुधारणेत काटकसर टप्पे पाडल्याने होत नाही, टप्प्यांचा क्रम साधल्याने होते, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. चारांहून अधिक टप्पे सहसा पाडू नयेत. आराखडा आरंभीच पुरा करावा. न दिसणारे काम आधी व सुटी वस्तू शेवटी घ्यावी. आणि प्रत्येक टप्प्याअखेर चूल पेटेल अशी व्यवस्था असावी. क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखाद्या घरातील नव्या ओट्याची नोंद करताना त्यावर किती खर्च झाला एवढेच न विचारता, त्याआधी काय झाले होते, त्यानंतर काय फोडावे लागले, आणि ओट्याची उंची कोणी ठरविली, हेही विचारावे. कुटुंबाच्या अंदाजपत्रकात ज्या खर्चाला नाव नसते, तो बहुधा ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सापडतो.